कडक उन्हातही फळ धरणारा टोमॅटो : स्वतःचा वाण घडवण्याची रीत, पायरीपायरीने

गरम हवेत टोमॅटोचं झाड मरत नाही. ते हिरवंगार वाढतं, फुलतं आणि फुलं टाकून देतं. म्हणून उष्ण हवामानासाठी वाण घडवताना झाड किती तजेलदार दिसतं, याला फारशी किंमत नाही. कोणत्या उष्णतेत किती फुलांची फळं झाली आणि त्या फळांत बी भरलं का, हे मोजावं लागतं. बहुतेकांचे प्रयत्न तीन चुकांमुळे वाया जातात: संकर ऐन उन्हात करणं, निवड गार हंगामात करणं, आणि दुसऱ्याच पिढीत एक 'सर्वोत्तम' झाड धरून बाकीची उपटून टाकणं. पुढच्या पायऱ्यांचा क्रम या चुका टाळण्यासाठीच असा ठेवला आहे. तो बदलू नये.

## १. उष्णता नेमकी कुठे मारते, ते आधी समजून घ्या

दिवसाचं तापमान ३२ ते ३५ अंश सेल्सिअसच्या पुढे आणि रात्रीचं २१ ते २४ अंशांच्या पुढे राहू लागलं की फळधारणा घसरते. यात रात्रीचा उकाडा जास्त घातक ठरतो. दुपारी ३६ अंश आणि पहाटे १८ असेल तर अनेक साधे वाणही फळ धरतात. पहाटेही २६ असेल तर तेच वाण कोरडे राहतात.

सगळ्यात नाजूक काळ फूल उमलण्याच्या साधारण ७ ते १५ दिवस आधीचा असतो. तेव्हा कळीच्या आत परागकण तयार होत असतात. म्हणजे आज गळलेल्या फुलाचं कारण आजच्या उन्हात शोधू नका, मागच्या पंधरवड्यातल्या तापमानाची नोंद पाहा. दुसरा बिघाड डोळ्यांना दिसतो: कुक्षीवृंत (फुलातली मादी दांडी) लांबून कुक्षी (तिचं पराग झेलणारं टोक) पुंकेसरांच्या, म्हणजे पराग देणाऱ्या नर भागांच्या, नळीबाहेर येते आणि फुलाचे स्वतःचे पराग तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तिसरा बिघाड फळाच्या रंगाचा. तापमान ३० ते ३२ अंशांच्या वर राहिलं की लाल रंग देणारं लायकोपीन नीट तयार होत नाही आणि फळ पिवळट-नारिंगी राहतं.

## २. पालक निवडणं

एक पालक उष्णता सोसणारा हवा आणि दुसरा फळाचा आकार, चव, टिकाऊपणा यांत तुमच्या पसंतीचा. दोन्ही शक्यतो सरळ, स्थिर वाण असावेत. संकरित वाण पालक म्हणून घेतला तर त्याच्या पोटातलं वेगवेगळेपण पहिल्याच पिढीत बाहेर येतं आणि हिशेब अवघड होतो. शिवाय अशा वाणांचे हक्क राखीव असू शकतात. पुढे बी विकायचा विचार असेल तर आपल्याकडचे नियम आधी पाहून घ्या.

उष्णता सोसणाऱ्या पालकांमध्ये फिलिपिन्समधला नागकार्लांग आणि तैवानमधल्या जागतिक भाजीपाला केंद्राचे सीएल ५९१५ मालिकेतले वाण बरेच वापरले गेले आहेत. ते मिळाले नाहीत तर आपल्याच भागात ऐन उन्हाळ्यात फळ धरणारा छोट्या फळाचा गावठी टोमॅटो घ्या. उष्णतेत टिकणारे वाण बहुधा लहान फळाचेच असतात.

इथे फळाच्या वजनाचा एक हिशेब मनात पक्का करा. १० ग्रॅमच्या फळाचा आणि १६० ग्रॅमच्या फळाचा संकर केला तर पहिल्या पिढीचं फळ ८५ ग्रॅमचं येत नाही, ४० ग्रॅमच्या आसपास येतं. टोमॅटोत वजनाचा कल नेहमी लहान फळाकडे असतो. म्हणून दोन पालकांच्या फळांत फार मोठी तफावत ठेवू नका. पर्याय नसेल तर मोठ्या फळाच्या पालकाशी पुन्हा एकदा संकर करावा लागेल, हे धरूनच चाला.

मादी पालक निवडताना एक सोय करून ठेवा. शक्य असल्यास बटाट्यासारख्या पानाचा वाण मादी घ्या आणि साध्या, कातरलेल्या पानाचा नर. बटाटा-पान हा गुण दबका आहे, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आला तरच दिसतो. संकर खरोखर झाला असेल तर पहिल्या पिढीची सगळी रोपं कातरलेल्या पानाची येतात. एखादं रोप बटाटा-पानाचं निघालं तर ते आईच्याच परागांनी झालेलं असतं. ते तिथेच काढून टाका. उष्णता सोसण्याचा गुण आईकडून आला की बापाकडून, याने साधारणपणे फरक पडत नाही.

सावधान : सूत्रकृमींना रोखणारा एमआय-१ हा जनुक मातीचं तापमान २८ अंशांच्या वर गेलं की काम करेनासा होतो. केवळ या गुणासाठी पालक निवडत असाल, तर गरम जमिनीत त्याच्यावर विसंबू नका. जमिनीतून येणारा जिवाणूजन्य मर आणि पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पर्णगुच्छ विषाणू यांना तोंड देणारा पालक गरम प्रदेशात जास्त उपयोगी पडतो.

## ३. दोन हंगामांचं वेळापत्रक

संकर आणि बीजोत्पादन गार हंगामात, निवड गरम हंगामात.

संकरासाठी दिवसाचं तापमान २० ते २८ आणि रात्रीचं १५ ते २० अंश असलेले आठवडे धरा. निवडीसाठी उलटं मोजा. पेरणीपासून लागवडीपर्यंत २५ ते ३० दिवस आणि लागवडीपासून फुलं सुरू होईपर्यंत आणखी २५ ते ३५ दिवस लागतात. म्हणजे सर्वांत गरम पंधरवड्याच्या साधारण ६० दिवस आधी पेरणी झाली, तर झाड नेमकं त्या काळात फुलावर असेल. पेरणी लवकर झाली की खालचे दोन-तीन घोस गार हवेत धरतात आणि झाड उगाच शहाणं दिसतं. उशीर झाला तर उकाडा संपल्यावर फुलं येतात आणि सगळीच झाडं पास होतात.

तपासणी : कमाल-किमान तापमापक झाडाच्या उंचीवर, सावलीत, हवा खेळती राहील असा टांगला आहे का? भिंतीवर लावलेला किंवा थेट उन्हातला तापमापक कामाचा नाही.

## ४. संकर करणं

लागणारं साहित्य थोडंच आहे: बारीक टोकाचा चिमटा, ७० टक्के अल्कोहोल, गडद रंगाची काचपट्टी, दोरा, लेबलं, पेन्सिल आणि जमल्यास भिंग. लेबलावर शाईच्या पेनाने लिहू नका, पहिल्या पाण्यात अक्षरं जातात.

कळी ओळखा. घोसातलं पहिलं फूल अनेकदा जोडफूल असतं, ते काढून टाका. दुसऱ्या-तिसऱ्या जागेवरची कळी घ्या. निदलांमधून पाकळ्या डोकावत असाव्यात, रंग फिकट हिरवट-पिवळा असावा आणि पाकळ्या अजून मिटलेल्या किंवा जेमतेम किलकिल्या झालेल्या असाव्यात. अशी कळी एक-दोन दिवसांत उमलणार असते. आतली पुंकेसरांची नळी गर्द पिवळी झाली असेल तर उशीर झाला, पराग सुटायच्या बेतात आहेत. ती कळी सोडा. एका घोसात तीन ते चारच कळ्या ठेवा, बाकीच्या खुडा.

पुंकेसर काढा. टोमॅटोचे पुंकेसर एकमेकांना चिकटून नळी झालेली असते आणि कुक्षीवृंत तिच्या आत असतो. चिमट्याचं एक टोक नळीच्या बाजूने, बुडाजवळ हळूच आत सरकवा. नळी उभी चिरा आणि पाकळ्यांसकट वर उचलून सोलून काढा. चिमटा मध्यभागी खुपसला तर कुक्षीवृंत मोडतो किंवा बीजांडकोशाला टोचतं. असं फूल दोन-तीन दिवसांत पिवळं पडून गळतं. काम झाल्यावर भिंगातून पाहा: मध्ये हिरवट बीजांडकोश, त्यावर सरळ उभा कुक्षीवृंत, आणि आजूबाजूला पिवळा एक तुकडाही नाही. एखादा पुंकेसराचा तुकडा राहिला तर संकर फसला असं समजा.

खूण करा. दोन निदलं कातरा आणि देठाला लेबल बांधा. लेबल पुढे हरवलं तरी फळावरची कातरलेली निदलं संकराची साक्ष देतात.

पराग गोळा करा. नर झाडावरचं पूर्ण उमललेलं, पाकळ्या गर्द पिवळ्या होऊन मागे वळलेलं फूल घ्या. वेळ सकाळी ९ ते ११ची, दव वाळल्यावर. फुलाच्या देठाला विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश टेकवला की पराग भुकटीसारखे काचपट्टीवर पडतात. काही पडलंच नाही तर पुंकेसर कोरड्या, उबदार जागी कागदावर एक दिवस वाळवून मग झटका. लगेच वापरायचे नसतील तर झाकणाच्या छोट्या डबीत सिलिका जेलसोबत फ्रिजमध्ये ठेवा. काही दिवस ते चालतात. डबीत ओल शिरली की मात्र संपलं.

परागीकरण. कुक्षी परागांच्या ढिगात हलकेच बुडवा. तिच्यावर पिवळा ठिपका स्पष्ट दिसला पाहिजे. पुंकेसर काढले त्याच दिवशी एकदा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा, असं दोनदा केलं तर बी जास्त भरतं. एका वाणाकडून दुसऱ्याकडे जाताना चिमटा आणि बोटं अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओलं अल्कोहोल कुक्षी जाळतं.

तपासणी : आठवडाभरात बीजांडकोश फुगून हिरवा मणी दिसू लागतो. तो दिसत नसेल तर वाट पाहू नका, नव्या कळ्या घ्या. अशी तीन-चार फळं धरली की एका संकराला पुरतात.

फळ ४५ ते ६० दिवसांत पिकतं. पूर्ण पिकल्यावर गर वाटीत काढून एक ते दोन दिवस आंबवा. बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटला की धुवा आणि सावलीत पसरून वाळवा. तीन दिवसांच्या वर आंबवलं तर बी वाटीतच उगवायला लागतं.

## ५. पहिली पिढी

एफ-१ची सहा ते आठ झाडं पुरेत. ती सगळी जवळपास सारखी दिसली पाहिजेत. वेगळं दिसेल ते काढा. या पिढीत निवड करण्यासारखं काही नसतं. झाडं गार हंगामात वाढवा, फुलांच्या घोसांना बारीक जाळीच्या पिशव्या घाला आणि स्वपरागीकरणाचं बी काढा.

एफ-१ उन्हात छान फळलं म्हणून हुरळून जाऊ नका. संकरामुळे आलेला जोम त्यात मिसळलेला असतो आणि पुढच्या पिढ्यांत तो ओसरतो.

## ६. दुसरी पिढी : खरी परीक्षा

एफ-२मध्ये झाडं वेगवेगळी निघतात. किती लावावीत, ते तुम्हाला किती दबके गुण एकत्र हवेत यावर अवलंबून आहे. असा एकच गुण हवा असेल तर ११ झाडांत तो किमान एकदा दिसण्याची शक्यता ९५ टक्के असते. दोन गुणांसाठी ४७ झाडं लागतात, तिनांसाठी १९१. उष्णता सोसणं हा तर अनेक जनुकांचा गुण. म्हणून १५० ते २०० झाडांपेक्षा कमी लावून उपयोग नाही. जागा नसेल तर संकर एकच करा, पण झाडं पुरेशी लावा. तीन संकरांची पन्नास-पन्नास झाडं लावण्यापेक्षा एकाची दीडशे केव्हाही बरी.

पान, झुडपी किंवा वेलासारखी वाढ, फळाचा रंग हे गुण एकेका झाडावर ओळखता येतात, त्यांची निवड इथेच करा. झुडपी वाढ दबकी आहे, एफ-२च्या साधारण चौथ्या हिश्शात दिसेल.

तुलनेची झाडं विसरू नका. दर वीस झाडांमागे एक सोसणारा वाण आणि एक न सोसणारा वाण लावा. ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते, आणि ती गाळली की बाकीची मेहनत आंधळी होते. न सोसणाऱ्या वाणानेही फळं धरली, तर तो हंगाम पुरेसा गरम नव्हता. त्या वर्षी उष्णतेसाठी निवड करू नका, फक्त बी पुढे न्या. सोसणाऱ्या वाणानेही फळं टाकली, तर उष्णतेखेरीज काही बिघडलं आहे: पाणी, नत्र, रोग किंवा फुलकिडे.

पाणी नियमित द्या. ताणाने गळलेली फुलं आणि उकाड्याने गळलेली फुलं जमिनीवर सारखीच दिसतात. नत्र बेताने द्या; जास्त नत्राने झाड पाल्यावर जातं आणि फुलं टाकतं. शेडनेट लावू नका. सावलीत ठेवून उन्हाची परीक्षा घेता येत नाही.

मोजणी अशी करा :

पहिला घोस सोडा, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत मोजा. प्रत्येक आठवड्यात उमलणाऱ्या घोसाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधा, म्हणजे कोणता घोस कोणत्या उष्णतेतून गेला ते नंतर कळतं. फुलं उमलताना त्यांची संख्या लिहा. पंधरा दिवसांनी फळं मोजा, पण दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी तेवढीच. वाटाण्याएवढी राहून थांबलेली फळं हिशेबात धरायची नाहीत. फळांना फुलांनी भागून शंभराने गुणा.

उदाहरणार्थ, क्रमांक ८४च्या झाडाला चार घोसांत २६ फुलं आली आणि ११ फळं धरली. फळधारणा ४२ टक्के. शेजारच्या सोसणाऱ्या वाणाची ४५ टक्के आणि न सोसणाऱ्याची ६ टक्के असेल, तर हे झाड पुढे नेण्यासारखं आहे.

सावधान : काही झाडं उष्णतेत बिनबियांची फळं धरतात. टक्केवारी भरघोस दिसते, पण फळ पोकळ, लहान आणि हलकं निघतं. प्रत्येक निवडीच्या झाडाची पाच फळं आडवी कापा आणि बी मोजा. बिनबियांचं फळ तुम्हाला चालतं का, हे आधी ठरवा. चालत असलं तरी असं झाड वेगळ्या यादीत ठेवा.

सूक्ष्मदर्शक असेल तर परागांची तपासणीही करता येते. पाण्यात १० टक्के साखर आणि लिटरला १०० मिलिग्रॅम बोरिक आम्ल विरघळवा. त्याचा थेंब काचपट्टीवर घेऊन ताजे पराग टाका. पट्टी ओलसर डबीत २५ अंशांना दोन-तीन तास ठेवा आणि १०० पट मोठं करून पाहा. जिवंत परागातून लांब नळी फुटलेली दिसते. उकाड्याच्या ऐन आठवड्यातल्या फुलांचे पराग घेतले तरच या तपासणीला अर्थ आहे.

फळधारणेचा गुण एकेका झाडावर खात्रीने वाचता येत नाही. त्याच झाडाच्या मुळाशी ओल कमी-जास्त असली तरी आकडा हलतो. म्हणून २०० झाडांतून एक नाही, १५ ते २० झाडं उचला. खरा निवाडा पुढच्या पिढीत होईल.

## ७. निवडलेल्या झाडाचं बी वाचवणं

उन्हात धरलेल्या फळांत बी कमी भरतं, हाती दहा-वीसच लागू शकतं. यावर साधा उपाय आहे. निवडलेल्या झाडाची १२ ते १५ सेंटिमीटर लांबीची बगलफूट काढा, खालची पानं खुडा आणि ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत लावा. एक-दोन आठवड्यांत मुळं येतात. गार हंगाम आला की हेच झाड पुन्हा फुलेल आणि भरपूर बी देईल. पर्णगुच्छ किंवा मोझॅकची शंका असलेल्या झाडाची फूट मात्र घेऊ नका, विषाणू सोबत येतो.

घोसांना पिशव्या घालाच. टोमॅटो स्वपरागी म्हणून लोक निर्धास्त असतात, पण उष्णतेत कुक्षी बाहेर आलेल्या फुलावर मधमाशी दुसऱ्याचे पराग आणू शकते. पिशवी फूल उमलण्याआधी घाला आणि फळ धरल्यावर काढा.

## ८. तिसऱ्या ते सहाव्या पिढीपर्यंत

प्रत्येक निवडलेल्या झाडाचं बी वेगळं ठेवा. आता एका झाडाची संतती म्हणजे एक कुळी. एफ-३मध्ये १५ ते २० कुळ्या, प्रत्येकीची १२ ते १५ झाडं, पुन्हा ऐन उन्हात, पुन्हा तुलनेच्या वाणांसह.

आधी कुळ्यांची सरासरी पाहा आणि मगच चांगल्या कुळीतली चांगली झाडं निवडा. सुमार कुळीतलं एखादं झाड कितीही भरलेलं दिसलं तरी मोह आवरा. त्याला बहुधा जागा चांगली मिळालेली असते. एफ-४ला पाच ते आठ कुळ्या उरल्या पाहिजेत.

गुण स्थिर होण्याचा वेग गणिताने ठरलेला आहे. ज्या जनुकांत पालक वेगळे होते, त्यांपैकी एफ-२ झाडात सरासरी निम्मे अजून मिश्र असतात (दोन्ही पालकांची वेगवेगळी रूपं एकाच झाडात), एफ-३मध्ये २५ टक्के, एफ-४मध्ये १२.५, एफ-५मध्ये ६.२५ आणि एफ-६मध्ये सुमारे ३ टक्के. एफ-४ला कुळी डोळ्यांना एकसारखी वाटते, पण तिथे थांबलात तर दोन वर्षांनी शेतात वेगळी झाडं दिसू लागतात.

वेळ वाचवायचा असेल तर गार हंगामातही एक पिढी काढा. तेव्हा उष्णतेसाठी निवड करायची नाही. चव, आकार, तडकणं, टणकपणा एवढंच पाहायचं आणि प्रत्येक झाडाचं दोन-तीन बी पुढे न्यायचं. फळं अजूनही लहान वाटत असतील तर मोठ्या फळाच्या पालकाशी पुन्हा संकर करण्याची योग्य जागा म्हणजे एफ-३ किंवा एफ-४मधलं उत्तम झाड.

पानांची छत्री इथेच तपासा. फळं उघडी पडणाऱ्या कुळीत उन्हाने पांढरे चट्टे पडतात. गरम प्रदेशासाठी असली कुळी बाद, मग तिची फळधारणा कितीही असो.

## ९. शेवटची चाचणी

उरलेल्या दोन-तीन कुळ्या, दोन्ही तुलनेचे वाण आणि सध्या तुम्ही लावत असलेला वाण, सगळे एकत्र लावा. प्रत्येकाचे तीन वाफे, वाफ्यात १० ते १२ झाडं. वाफ्यांची जागा चिठ्ठ्या टाकून ठरवा. सगळ्या चांगल्या कुळ्या चांगल्या कोपऱ्यात लावल्या तर चाचणी खोटी ठरते. असे दोन गरम हंगाम करा, एका वर्षावर निकाल देऊ नका.

नोंदी चारच ठेवा: विकण्याजोग्या फळांचं वजन, बाद फळांचं वजन, ऐन उकाड्यातली फळधारणा आणि पिकल्यावरचा रंग. बाद फळांत तडकलेली, बुडाशी काळी पडलेली आणि चट्टे पडलेली वेगळी लिहा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं. बूड काळं पडण्यामागे बहुधा अनियमित पाणी आणि फळापर्यंत न पोहोचणारं कॅल्शियम असतं. त्यासाठी वाणाला दोष देण्याआधी पाण्याच्या पाळ्या तपासा.

वाण ठरला की बी काढताना किमान २० झाडांचं एकत्र करा आणि नीट वाळवून हवाबंद डब्यात थंड जागी ठेवा. प्रत्येक पिढीच्या निवडक कुळ्यांचं थोडं बीही तारीख आणि क्रमांक लिहून बाजूला ठेवत जा. एफ-५मध्ये रोगाने कुळी गेली, तर एफ-४चं ते पाकीटच तुम्हाला पुन्हा पहिल्या संकरापासून सुरुवात करण्यापासून वाचवतं.